शेवटचा फर्मा

नंदुरबारला हिवाळा आधी नाकाला कळतो. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि वारा तिकडून फिरला की बाजारपेठेपासून स्टेशनापर्यंत सगळे शिंकायला लागतात. आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. दिवाळीनंतरचे तीन महिने ती पाटी कुणी मनावर घेत नाही. वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे शिंकतात, स्पर्धा परीक्षेची मुलं शिंकतात, मी शिंकते. नवा माणूस आला तर त्याला वाटतं, गावात साथ आहे. साथ नाही, हंगाम आहे.

नवी पुस्तकंही याच दिवसांत येतात. दिवाळी अंक फिरून फाटायला आले की खरेदीची यादी मंजूर होते, पुण्याहून खोकी निघतात आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात मिरचीच्या पोत्यांशेजारी दोन दिवस पडून राहतात. त्यामुळे आमच्याकडच्या कोऱ्या पुस्तकाला कोऱ्या कागदाचा वास येत नाही. पान उघडलं की आधी ठसका लागतो.

यंदाची खोकी सोमवारी आली. सुतळी कापली, बिलाशी यादी ताडून पाहिली, आणि गेली काही वर्षं जे दिसतंय तेच पुन्हा दिसलं. कादंबऱ्यांमध्ये भुतं वाढली आहेत. एका पुस्तकात बंद पडलेल्या जिनिंगमध्ये रात्रपाळी चालू आहे आणि कामगार सगळे मेलेले. दोन खुनाची आहेत. एकात डोंगराच्या पोटात राज्य आहे, त्याचा नकाशा पहिल्याच पानावर छापलाय. आणि एकात नदी माणसाच्या घरी लग्नाला येते, जेवते आणि जाते. माझ्या रजिस्टरात भय, रहस्य आणि अद्भुत असे तीन शेरे चालतात. नदीवालीला कोणता शेरा लावायचा हे मला अजून ठरवता येत नाही. समितीचे अध्यक्ष म्हणतात, याला जादुई वास्तववाद म्हणतात. मी पेन्सिलीने 'इतर' लिहिते.

हे सगळं कोण वाचतं, असं बाहेरचे लोक विचारतात. लोणखेड्याच्या कॉलेजातली मुलं अद्भुत नेतात, जाड असेल तितकं बरं. तोरणमाळच्या आश्रमशाळेतले पावरासर महिन्यातून एकदा घाट उतरतात आणि फक्त भयकथा घेऊन वर जातात. तिथल्या धुक्यात वाचायला बरी वाटतात म्हणे. आणि रहस्यकथा जमनाबेन न्यायच्या.

खोकं उघडलं की मी अजूनही रहस्यकथा आधी बाजूला काढते. हाताची सवय आहे, दुसरं काही नाही.

जमनाबेन प्रकाशा तीर्थाच्या अलीकडच्या एका तापीकाठच्या गावच्या. गुजर घर, केळी आणि कापूस, माणसांचा मोठा बारदाना. वय साठीच्या पुढे, शिक्षण सातवी. दर गुरुवारी दहाच्या एसटीने यायच्या. कापडी पिशवीत दोन पुस्तकं आणि वर केळीची फणी. वाचायच्या टेबलावर कधी बसल्या नाहीत. माझ्या काउंटरशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसायच्या आणि पदराने कपाळ पुसून विचारायच्या, "बाई, नवं काय उनं?"

घरी गुजरी, बाजारात अहिराणी, आणि पुस्तकातल्या माणसांबद्दल बोलताना थोडी पुस्तकी मराठी, असं त्यांचं बोलणं असायचं. 'आलं'ला 'उनं' म्हणायच्या, 'पुष्कळ'ला 'गंज'. बोट ओळीवरून फिरवत वाचायच्या. एकदा मी त्यांना एक कौटुंबिक कादंबरी दिली, पुरस्कार मिळालेली. पुढच्या गुरुवारी परत आली, चाळीस पानांच्या पुढे गेलेली नव्हती. म्हणाल्या, "दुःख वाचाले एवढं लांब कसाले येऊ? ते घरमा गंज शे. मले खून दे."

मी स्वतः कादंबऱ्या वाचत नसे. लोकांना हे खरं वाटत नाही. दिवसभर नोंदी करायच्या, फाटलेली पानं चिकटवायची, मुदत संपलेल्यांना फोन करायचे, आणि घरी जाऊन पुन्हा पुस्तकच उघडायचं, हे मला जमलं नाही. नव्या पुस्तकांत काय आहे हे मला जमनाबेनांमुळे कळायचं. पुस्तक परत करताना त्या उभ्याउभ्या सगळी गोष्ट सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मले तं पहिलेच ठाऊक व्हतं."

एकदा मी म्हटलं, "वाचून झाल्यावर सगळ्यांनाच ठाऊक असतं. आधी लिहून द्या."

"लिखी देसू. तुले काय वाटनं?"

त्या दिवसापासून ती पद्धत पडली. पुस्तक अर्धं झालं की जमनाबेन खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायच्या, चार घड्या घालायच्या आणि गुरुवारी मला आणून द्यायच्या. मी ती माझ्या खणातल्या जुन्या कंपासपेटीत टाकायची. उघडायची नाही. पुढच्या गुरुवारी पुस्तक परत आलं की त्या आधी खरा खुनी सांगणार, मग मी चिठ्ठी उघडणार, आणि लाल पेन्सिलीने तिच्यावर खूण करून मोठ्याने सांगणार, बरोबर की चूक. शब्द एकच, वर काही बोलायचं नाही.

बहुतेक वेळा चूक. कारणही मला लवकर कळलं. जमनाबेन घरातल्या माणसावर कधी संशय घेत नसत. भाडेकरू, डॉक्टर, वकील, बाहेरगावचा पाहुणा यांच्यावर घेत. नवऱ्याने किंवा दिराने केलेलं असलं की त्या चिडायच्या. "लेखक चुकना," म्हणायच्या. "मी नही."

नदी लग्नाला येते तसलं एक पुस्तक तेव्हाही आलं होतं. त्यात मेलेला सासरा बगळा होऊन केळीच्या बागेत उभा राहायचा आणि सून त्याला रोज वाकून नमस्कार करायची. का, कसं, काही सांगितलेलं नव्हतं. जमनाबेनांनी ते पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "यान्हा शेवट कोठे शे?"

मी अध्यक्षांचं ऐकलेलं सांगून टाकलं. "नव्या पद्धतीचं आहे. सगळं सांगत नाहीत."

"मन्हा सासरा बगळा व्हयना असता तं मी बागमा गईच नसती," त्या म्हणाल्या आणि हसता हसता शिंकल्या.

त्या वर्षी मिरची उदंड आली होती. एका गुरुवारी सकाळीच खोकी फोडली होती आणि पुस्तकं अजून टेबलावर ढिगात होती. जमनाबेन आल्या, स्टुलावर बसल्या. पिशवीत फणी नव्हती. पुस्तकांच्या खाली दवाखान्याची फाइल होती.

"पोटमा गाठ शे," त्या म्हणाल्या. "सुरतले जावानं शे. पोऱ्या म्हणस ऑपरेशन करू." सुरतेला लग्नाला जायचं असल्यासारखं सांगितलं. मग ढिगातलं एक पुस्तक उचलून त्याच्या पाठीवरचा मजकूर बोट फिरवत वाचला. एका गावातून शैला नावाची सून नाहीशी झालेली आहे. घर मोठं, माणसं पुष्कळ, प्रत्येकजण वेगळं सांगतो. "हाई दे," त्या म्हणाल्या.

मी दिलं नाही.

आमच्याकडे नियम होता, आणि तो मीच केलेला होता. नवं पुस्तक बाइंडिंग झाल्याशिवाय बाहेर द्यायचं नाही. इथला उन्हाळा सोसून नव्या पुस्तकाचा डिंक टिकत नाही, पानं सुटतात, आणि सुटतात ती नेहमी शेवटची. एका कादंबरीचा शेवट असाच कुणाच्या तरी शेतात उडून गेला होता आणि पुढचे पाचसहा वाचक माझ्याशी भांडले होते. तेव्हापासून सगळी नवी पुस्तकं आधी दगडूभाऊंकडे जायची.

"बाइंडिंग व्हायचंय," मी म्हटलं.

"तसंच दे. मी काय पानं खाई जासू का?"

"नियम आहे, जमनाबेन. तुम्ही परत याल तोवर तयार असेल."

त्यांनी पुस्तक ढिगावर परत ठेवलं, खालच्या पुस्तकांच्या कडा तळहाताने एकसारख्या केल्या आणि म्हणाल्या, "बरं. तुन्हा नियम." एक जुनं, दोनदा वाचलेलं घेऊन गेल्या.

दगडूभाऊंचं दुकान म्हणजे पथाऱ्यांच्या कडेची पत्र्याची खोली. समोर बायका तोंडाला फडकी बांधून मिरचीची देठं खुडत बसलेल्या असतात आणि आत हा माणूस डोळे पुसत सुई चालवत असतो. पुस्तकाचं कव्हर उतरवायचं, सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, पुन्हा लावून घ्यायचे, शिवायचे, पाठीला कापड, वर पुठ्ठा. आयुष्यभर तो हेच करत आलाय. त्या वर्षी शाळांचे हजेरीपट आधी होते म्हणून आमच्या पुस्तकांना तीन आठवडे लागले.

पुस्तकं आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे प्रत्येकाची पानं तपासली. एकही सोडत नाही मी. शैलाचं पुस्तकही तपासलं. दोनशे सात, दोनशे आठ, दोनशे नऊ, शेवटी दोनशे चोवीस. सगळं जागेवर. शिक्का मारला.

जमनाबेनांची सून ज्योती कपडे न्यायला सुरतेहून आली होती, तिच्या हाती ते पाठवलं. ऑपरेशन कसं झालं विचारलं. ज्योती म्हणाली, "उघडलं आणि परत शिवलं, मॅडम. काही करण्यासारखं नाही म्हणाले."

"त्यांना माहीत आहे?"

"आम्ही सांगितलं नाही. पण त्या हुशार आहेत."

मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मुदतीची तारीख लिहिली नाही. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं.

दहाबारा दिवसांनी ज्योती पुन्हा आली आणि चार घड्यांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "आईंनी बजावलंय, उघडायची नाही. शेवटापर्यंत आल्या की फोन करतील." मी ती कंपासपेटीत टाकली.

त्याच आठवड्यात पावरासर घाट उतरून आले. त्यांनी नेलेली भयकथा विहिरीत बुडालेल्या एका बाईची होती. ती बाई रोज दिवेलागणीला घरी परत येते आणि ओल्या लुगड्याने कामं करायला लागते. सरांनी पुस्तक ठेवलं आणि हसायला लागले. "मॅडम, माझ्या भुताला पोलिसांनी पकडलं."

"म्हणजे?"

"शेवटी एक इन्स्पेक्टर येतो आणि सगळ्यांना ओळीत बसवून सांगतो, शैलाला कोणी मारलं. ही शैला कोण? दोनशे पानं मी विहिरीतली बाई वाचतोय."

मला समजायला वेळ लागला नाही. दोन्ही पुस्तकं एकाच प्रकाशनाची, एकाच आकाराची, दोन्ही दोनशे चोवीस पानांची. दोन्हींचे शेवटचे फर्मे अदलाबदल झाले होते. म्हणजे विहिरीतल्या बाईचा शेवट सुरतेला जमनाबेनांच्या उशाशी होता.

मी पुस्तक घेऊन दगडूभाऊंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली, दोनशे आठवर आणि दोनशे नऊवर बोट ठेवलं. "नंबर तं बरोबर शे, बाई."

"मजकूर बघा."

"मी शिवस. वाचस नही."

मी तरी काय केलं होतं? आकडे मोजले होते. समोर बायका देठं खुडत होत्या. मी पुस्तक परत घेतलं आणि त्यांच्यामधून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण चढलेला होता.

"बाई, शैला परत उनी."

मी टेबलावरचं विहिरीचं पुस्तक जवळ ओढलं.

"मले वाटनं पोलीस काहीतरी सांगतीन. तं हाई सरळ घरमा उनी, वलं लुगडं, चुल्हापाशी बसनी, भाकरी थापाले लागनी. सासू म्हणस, उशीर व्हयना. बस. कोणी काही इचारं नही. तुन्हं ते नव्या पद्धतीनं शे हाई. पण हाई बरं लिखेल शे." दम लागला म्हणून त्या थांबल्या. विहिरीच्या लेखकाने त्या बाईला शेवटपर्यंत नाव दिलेलं नव्हतं, 'ती' एवढंच. त्यामुळे जमनाबेनांना तिला शैला समजायला काही अडचण आली नव्हती. "मी जिंकनू, बाई. चिठ्ठी ठेव, मी येसू तव्हय उघडू."

मी खोटं बोलत नाही. हा काही गुण नाही, सवय आहे. रजिस्टरात चुकीची नोंद दिसली की रेघ मारून बाजूला खरी लिहायची, हे मी तीस वर्षं केलंय. माझ्यासमोर टेबलावर खरी सोळा पानं होती आणि फोनवर चूक होती. मी म्हटलं, "जमनाबेन, ती शेवटची पानं त्या पुस्तकाची नाहीत. बाइंडिंगमध्ये चूक झालीय. दुसऱ्याच गोष्टीचा शेवट तुमच्या पुस्तकाला लागलाय."

तिकडे कुणाच्या तरी सलाइनचं स्टँड ढकलल्याचा आवाज आला.

"मंग शैला उनी नही?"

"ती दुसरी बाई आहे."

"मंग शैलाले कोणी मारं?"

"वाचून दाखवू?"

"नको. मी वाचसू. पानं धाडी दे." आणि मग, "बरं व्हयनं, सांगी दिन्हं ते."

मी ब्लेडने टाके कापले, सोळा पानं पाकिटात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सुरतेला निघालेल्या त्यांच्या गावच्या माणसाकडे स्टेशनवर जाऊन दिली. माझ्याकडून उशीर झाला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तीन आठवड्यांचा उशीर आधीच होऊन गेला होता, तो मी त्यात धरला नाही.

पाकीट पोहोचलं त्या दिवशी जमनाबेन शुद्धीवर नव्हत्या. पुन्हा आल्याच नाहीत.

तेरावं झाल्यावर ज्योती पुस्तक आणि पाकीट परत द्यायला आली. कापडी पिशवी तीच. पाकीट फोडलेलं नव्हतं. "आदल्या दिवशी दोनदा विचारलं त्यांनी," ती म्हणाली, "बाईंची पानं उनी का म्हणून." मी पुस्तकाबद्दल विचारलं. "तुमच्याशी बोलल्यावर त्यांनी ते उघडलं नाही. उशाखाली होतं."

ती गेल्यावर मी वाचनालय दुपारच्या सुट्टीत बंद केलं, आणि आतून कडी लावून ते पुस्तक वाचायला घेतलं. माझ्या नोकरीतली पहिली कादंबरी. जमनाबेनांच्या स्टुलावर नाही बसले, माझ्याच खुर्चीवर बसले. संध्याकाळपर्यंत दोनशे आठ पानं झाली, मग पाकीट फोडलं आणि सोळा पानं वाचली. शैलाला नवऱ्याने मारलं होतं. कारण अगदी क्षुल्लक होतं, जेवणावरून. इन्स्पेक्टरने ते नीट, पुराव्यानिशी सांगितलं होतं. कुठेही चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मग मी लाल पेन्सिल हातात घेतली आणि चिठ्ठी उघडली. शाळेत गिरवलेल्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

'कोनी मारं नही. ती सोताच गई. येई.'

म्हणजे त्या फोनवर जिंकल्या म्हणाल्या, तेव्हा खरंच जिंकल्या होत्या. अर्ध्या पुस्तकातच त्यांनी ठरवलं होतं की शैला परत येईल, आणि दगडूभाऊंच्या चुकीने ती आली होती. त्या फोनपर्यंत सुरतेच्या त्या खाटेवर त्यांच्याजवळ एक शेवट होता, स्वतः ओळखलेला. तो मी काढून घेतला. बदल्यात दुसरा पोहोचवू शकले नाही.

पेन्सिल टेकवली आणि उचलली. खूण केली नाही. चिठ्ठी त्याच घड्यांवर दुमडून कंपासपेटीत ठेवली, सोळा पानंही खणातच आहेत. दगडूभाऊ दोनतीनदा म्हणाले, "आणा, बदली देस." मी नेलं नाही. विहिरीच्या पुस्तकाला आता शेवटच नाही, ते कपाटात बंद आहे. शैलाचं मात्र फडताळात आहे, जसं शिवलं गेलं तसंच.

नियम मी मोडीत काढला. नवी पुस्तकं आता खोकं फुटल्याच्या दिवशी बाहेर जातात. उन्हाळ्यात पानं सुटतात, लोक तक्रार करतात, मी ऐकून घेते आणि डिंक लावते. बाइंडिंगला जातात त्यांचा शेवटचा फर्मा मी वाचून घेते. त्यामुळे मला पुष्कळ कादंबऱ्यांचे शेवट माहीत आहेत, सुरुवात एकीचीच.

परवा मंगळवारी, यंदाची पुस्तकं रजिस्टरात चढवत होते तेव्हा लोणखेड्याची एक कॉलेजातली मुलगी आली. एकोणीसवीस वर्षांची, ओढणी नाकावर धरलेली. तिने शैलाचं पुस्तक काउंटरवर ठेवलं. तसं ते अधूनमधून कुणीतरी नेतं. बहुतेक लोक शेवटाबद्दल बोलत नाहीत. वाचतच नसतील, किंवा लेखकाला नावं ठेवून सोडून देत असतील.

"मॅडम, याचा शेवट असाच आहे?"

मी रजिस्टरातून मान वर केली नाही. "का?"

"नाही, पोलीस वगैरे सगळं राहूनच गेलं. ती एकदम घरीच येते. भाकऱ्या करायला बसते."

खणात सोळा पानं होती. मी खण उघडला नाही. "नव्या पद्धतीचं आहे," मी म्हटलं. "सगळं सांगत नाहीत."

तिने थोडा विचार केला. वारा फिरला असावा, कारण आत वाचनकक्षात कुणीतरी शिंकलं, मग दुसरं, मग तीही शिंकली. डोळे पुसत म्हणाली, "पण मला ना, अर्ध्यातच वाटलं होतं. ती मेलेली नाहीये. येणार म्हणून."

मी तारखेचा शिक्का मारला.

"बरोबर," मी म्हटलं.